लॅमिनेशन केलेला टीडीएस : वडगावातलं एक क्रिप्टो प्रकरण

माझ्या टेबलावर तो कागद आला २०२४ च्या दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास. ए-फोर आकाराचा, लॅमिनेशन केलेला, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. बेळगावातल्या वडगावच्या विणकर काकूंनी तो पिशवीतून काढून पुढं सरकवला. "हे बघा की, सरकारचा कागद हाय. मग पैसे बुडतीलच कसे?"

कागद खोटा नव्हता. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून काढलेलं ते २६ एएस होतं, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, एका तरुणाच्या पॅनवरचं. मधली एक ओळ हायलायटरनं रंगवलेली : कलम १९४ एस (क्रिप्टोच्या विक्रीवरचा टीडीएस), कापलेला कर १,२०० रुपये. कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. ती रेघ मी ओळखतो. माझ्या प्रिंटरच्या ड्रमला ओरखडा पडलाय, बदलू बदलू म्हणत दोन वर्षं गेली. कागद माझ्याच ऑफिसात छापला गेला होता.

मी शहापुरात हिशेब लिहायचं, जीएसटी आणि रिटर्न भरायचं काम करतो. क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांवर, बंदी घालावी की नियम करावेत, या वादात मी एरवी पडलो नसतो. त्या रेघेनं पाडलं. पुढं जे लिहिलंय ते काकूंच्या, त्यांच्या शेजाऱ्यांच्या आणि पिग्मीवाल्याच्या भाच्याच्या तोंडून ऐकलेलं, आणि जे कागद मी स्वतः तपासले त्यावरून. नावं देत नाही. गल्ल्या एवढ्याशा आहेत की नुसत्या धंद्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून एक-दोन खुणाही बदलल्यात.

पिग्मी मामा

बेळगावबाहेरच्या वाचकाला पिग्मी समजावून सांगावी लागेल. रोज संध्याकाळी एजंट दारात येतो, वीस-पन्नास-शंभर रुपये घेतो, कार्डावर लिहून सही करतो. वर्षाकाठी सोसायटी ती रक्कम थोड्या व्याजासकट परत देते. ही पद्धत १९२८ साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली. गंमत म्हणजे ती बँक १९२५ साली निघाली होती तीच मुळी हातमाग बुडाल्यामुळं अडचणीत आलेल्या विणकरांना उभं करायला. बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, शब्द मात्र आमच्या गल्ल्यांत अजून रोज संध्याकाळी सहा वाजता दार ठोठावतो.

या प्रकरणातला मामा एकोणीस वर्षं पिग्मी गोळा करत होता. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर गल्ल्या त्याच्या. कुणाचा माग बंद पडलाय, कुणाच्या मुलीचं ठरलंय, कुणाचा नवरा गोव्याला कामाला गेलाय, सगळं ठाऊक. एवढ्या वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. सोसायटीचं ओळखपत्र गळ्यात, खिशात दोन पेनं. पण तरुण पोरं यूपीआयवर गेली, मागाचं उत्पन्न घटलं, गोळा होणारी रक्कम आटली आणि तिच्यावर मिळणारं शेकड्याला दोन-तीन रुपयांचं कमिशनही. २०२३ मध्ये त्यानं काम सोडलं. ओळखपत्र परत केलं, कोरी पिग्मी कार्डं मात्र गठ्ठाभर घरात राहिली. ही कार्डं पुढं महत्त्वाची ठरणार आहेत.

भाचा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीचे प्रोग्रॅम करायचा. हुशार पोरगा. २०२१ मध्ये सगळे घेत होते म्हणून त्यानंही क्रिप्टो घेतलं. त्या नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला होता. वर्ष फिरलं तोवर सोळा हजारांच्या खाली आला. भाच्यानं २०२२ च्या पावसाळ्यानंतर दोन कॉइन विकून टाकले. एक तीस हजारांना घेतलेला, सत्तर हजारांना गेला. दुसरा एक लाख पाच हजारांना घेतलेला, पन्नास हजारांना गेला. एकूण विक्री एक लाख वीस हजार. खिशाला खोट पंधरा हजारांची.

रिटर्न भरायला तो माझ्याकडं आला जुलै २०२३ मध्ये. १ एप्रिल २०२२ पासून आलेल्या ११५ बीबीएच या कलमानं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे चाळीस हजारांचा नफा पूर्ण धरायचा, पंचावन्न हजारांचा तोटा विसरायचा. ओव्हरटाइम धरून त्याचं उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलेलं, त्यामुळं रिबेटही नाही. सेससकट १२,४८० रुपये. विक्रीच्या वेळी एक टक्क्यानं कापलेला १,२०० रुपयांचा टीडीएस वजा केला तरी ११,२८० भरायचे होते.

"पंधरा हजार बुडाले, त्याच्यावर साडेबारा हजार टॅक्स? हे कुठलं गणित गा अण्णा?"

मी म्हटलं, गणित दिल्लीचं आहे, मी फक्त लिहितो. असं म्हणून आपण मोकळे होतो. त्यानं पैसे भरले आणि जाताना म्हणाला, ते २६ एएस छापून द्या, रेकॉर्डला ठेवतो. मी छापून दिलं. पाच रुपये घेतले.

शिनोळीकडची सभा

२०२४ च्या संक्रांतीनंतर, तिळगूळ अजून डब्यात असताना, मामानं जुन्या खातेदारांना निरोप पाठवले. सभा बेळगावात नव्हती. हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात शिनोळीकडच्या एका हॉलमध्ये होती. का? तर हॉल स्वस्त, आणि मामाच्या सासुरवाडीचं घरही तिकडंच. त्यावेळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वडगावातून तिकडं जायचं म्हणजे सहलच.

सभेत मामानं तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, ते लॅमिनेशन केलेलं २६ एएस. "सरकार टॅक्स कापून घेतंय. बेकायदा धंद्याचा कोण टॅक्स घेतंय काय?" दुसरी, रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी चाचणीला आणलेल्या डिजिटल रुपयाची बातमी. डिजिटल रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेनं काढलेलं चलनच, फक्त नोटेऐवजी फोनमध्ये. कुठल्याही कॉइनशी त्याचा संबंध नाही. पण मामानं दोन्ही एका दमात सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटलं. तिसरी गोष्ट, पिग्मीची कार्डं. कोरी, सोसायटीचं नाव खोडून वर शिक्का मारलेली.

योजना सोपी. पैसे मामाकडं रोख द्यायचे, मामा कार्डावर लिहून सही करणार, भाचा त्याचे कॉइन घेऊन एका ॲपमध्ये टाकणार, महिन्याला आठ टक्के मिळणार. नवीन माणूस आणला तर पाच टक्के वेगळे.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या कानात इथंच घंटा वाजायला हवी होती. गेनबिटकॉइन या बुडालेल्या योजनेवाल्यांनी महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असंच सांगितलं होतं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, सूत्रधाराला अटक झाली, २०२२ च्या जानेवारीत तो वारलाही, आणि लोक अजून पैशांची वाट बघतायत. पण काकू म्हणाल्या ते खरं आहे : "ते पुण्याचं. ह्यो आमचा मामा."

काकूंनी पिग्मी मोडून पन्नास हजार दिले. फेब्रुवारीपासून महिन्याला चार हजार हातात येऊ लागले. सहा महिने, एकदाही उशीर नाही. मग जुलैअखेर त्यांनी दोन पाटल्या सोसायटीत गहाण टाकून एक लाख काढले आणि तेही दिले. तेव्हापासून मामा म्हणाला, आता रोख घेऊ नका, ॲपमध्येच वाढू दे, व्याजावर व्याज चढतंय. काकूंच्या मुलाच्या फोनवर आकडा दिसायचा. दसऱ्याला तीन लाख चाळीस हजार.

पैसे प्रत्यक्षात कुठं जात होते, ते भाच्यानं मला नंतर सांगितलं. थोडे सरळ, एका नोंदणीकृत भारतीय एक्सचेंजवर, म्हणजे कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, स्वतःच्या खात्यातून. पण तिथं प्रत्येक विक्रीला एक टक्का कापला जातो, आणि ११,२८० रुपयांची आठवण ताजी. म्हणून बाकीचे पीटूपीनं. पीटूपी म्हणजे टेलिग्रामवर किंवा परदेशी ॲपवर माणूस गाठायचा, त्याच्या बँक खात्यात पैसे टाकायचे, तो यूएसडीटी पाठवतो. डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं आहे ते. मग यूएसडीटी त्या ॲपच्या पत्त्यावर. महिन्याचे आठ टक्के वाटायला रोकड कमी पडली की उलटं : यूएसडीटी विकायचे, कुठल्यातरी अनोळखी खात्यातून पैसे यायचे. त्यातले काही पैसे सप्टेंबरमध्ये अशा माणसाचे निघाले ज्याला दुसऱ्याच कुठल्या राज्यात ऑनलाइन गंडवलं होतं. तिथल्या पोलिसांच्या सांगण्यावरून भाच्याचं खातं गोठलं. पगार त्याच खात्यात जमा व्हायचा. वाटप थांबलं.

मग काकूंच्या मुलानं पैसे काढायला बटण दाबलं, तर ॲपवर शुद्ध मराठीत संदेश आला : आपला नफा १,९०,००० रुपये. नियमानुसार ३० टक्के कर ५७,००० रुपये आधी जमा करा, नंतर रक्कम सोडण्यात येईल.

तीस टक्के हा आकडा खरा आहे ना. काकूंनी मुलाला विचारलं, मुलानं गूगलवर बघितलं, सरकारचा दर तीसच. भिशी उचलून त्यांनी सत्तावन्न हजार भरले. इथं मी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण एवढ्यासाठीसुद्धा कुणी हे वाचलं तर बरं : क्रिप्टोवरचा कर आपण रिटर्नसोबत आपल्या पॅनवर, सरकारच्या चलनानं भरतो. एक्सचेंज फार तर एक टक्का टीडीएस विक्रीतून कापतं. "आधी तीस टक्के टाका मग पैसे देतो" म्हणणारा चोर असतो, दरवेळी.

दिलेले दीड लाख, वर सत्तावन्न हजार, परत आलेले चोवीस. काकू एक लाख त्र्याऐंशी हजारांना बुडाल्या, पाटल्या वेगळ्या गहाण. मामाच्या वहीत त्रेसष्ट नावं होती, बेरीज अडतीस लाखांची.

हद्द

फिर्याद द्यायला आम्ही नऊजण गेलो. अलीकडच्या ठाण्यात विचारलं, सभा कुठं झाली? शिनोळीकडं. आरोपी कुठं राहतो? सध्या सासुरवाडीला. मग तिकडं जा. पलीकडच्या ठाण्यात विचारलं, पैसे कुठं दिलासा? वडगावात. मग तिकडंच जा की. सत्तर वर्षं सीमाप्रश्नावर भाषणं ऐकली, पण हद्द म्हणजे काय ते त्या दोन दिवसांत पायांना कळलं.

वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. मी त्या कलमाची प्रत घेऊन परत अलीकडं गेलो. फिर्याद मराठीत लिहिली होती. कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नडमध्ये नेली तर डिसेंबर उजाडलेला, बेळगावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त लागलेला. "नाळे बर्री." उद्या या. ते उद्या चौथ्या खेपेला उगवलं. ठाण्यातल्या एका हवालदारानं मात्र मनापासून मदत केली, तोच म्हणाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला पाहिजे होता, काकूंचे सत्तावन्न हजार कदाचित अडवता आले असते. आम्हाला ते दीड महिन्यानं कळलं.

गुन्हा आधी नुसता फसवणुकीचा नोंदला गेला, जुनं ४२०, आता न्याय संहितेतलं ३१८. वकिलांनी आग्रह धरला म्हणून नंतर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागला. हा कायदा लोकांना माहीतच नाही. पुढं परत देतो असं सांगून, कुठल्याही नियामकाच्या परवानगीशिवाय लोकांचे पैसे घेतले की तो लागू होतो. मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटायची तरतूद त्यात आहे. मामा कॉइन म्हणाला काय, चिंचोके म्हणाला काय, कायद्याला फरक पडत नाही. माणसं आणली की कमिशन, या साखळीवर तर १९७८ पासून बंदी आहे.

आता पुराव्याचं बघा, कारण बंदी की नियमन याचं उत्तर मला तिथं मिळालं. अडतीस लाखांपैकी अकरा लाख नोंदणीकृत एक्सचेंजमधून गेले होते. ७ मार्च २०२३ पासून अशा एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलंय. ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी ठेवणं, केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंदणी करणं बंधनकारक. पोलिसांची नोटीस गेली आणि तीन आठवड्यांत उत्तर आलं : तारीख, वेळ, रक्कम, पुढचा पत्ता. उरलेल्या सत्तावीस लाखांचा डिजिटल माग टेलिग्रामवरच्या टोपणनावापाशी संपला. त्या पैशांसाठी एकच पुरावा उभा राहिला, तो म्हणजे मामाच्या सहीची पिग्मी कार्डं. एकोणीस वर्षांची सवय हो. पैसे घेतले की हात आपोआप सही करायचा.

"बंद करून टाका सगळं"

फेब्रुवारीत वडगावातल्या एका देवळाच्या सभामंडपात सगळे बुडालेले जमले. बहुतेकांचं म्हणणं एकच, हे क्रिप्टो सरकारनं बंदच करायला हवं. एक निवृत्त गुरुजी होते, त्यांचेही चाळीस हजार गेलेले. त्यांनी मला विचारलं, सरकारनं आजवर नेमकं केलंय काय ते सांगा, मग आम्ही ठरवतो.

मी सांगितलं ते असं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये पहिल्यांदा सावध केलं. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना सांगितलं की क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार ठेवू नका. बंदीच ती, फक्त मागच्या दारानं. त्याच ऑक्टोबरात बंगळुरूच्या एका मॉलमध्ये क्रिप्टोचं एटीएमसारखं यंत्र बसवणाऱ्यांना पोलिसांनी धरलं. काही एक्सचेंज गुंडाळली गेली. व्यवहार थांबले का? जे तगले त्यांनी माणसाला माणूस जोडून दिला. पीटूपी आपल्याकडं रुजलं ते त्याच दोन वर्षांत, आणि भाच्याचं खातं गोठवणारा रस्ता तोच. २०१९ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैदेचा मसुदा तयार झाला, तो संसदेत कधी आलाच नाही. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं : रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे, पण नियमनाखालच्या बँकांचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवलेलं नाही, त्या मानानं उपाय फार मोठा. मग २०२२ मध्ये थेट कर. त्या फेब्रुवारीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की हे वैध की अवैध हा प्रश्न वेगळा, कर लावणं हा सरकारचा सार्वभौम अधिकार आहे. तीनच दिवसांनी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर रबी शंकर म्हणाले की हे पॉन्झीपेक्षा, म्हणजे नव्यांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देणाऱ्या फसव्या योजनेपेक्षा, वाईट, बंदीच बरी.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बाप म्हणतोय घरात घेऊ नका, आणि आई त्याच्याकडनं भाडं घेत्याय."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. दिल्लीत वैधता आणि कर हे दोन वेगळे प्रश्न असतील. वडगावात ते एकाच लॅमिनेशनमध्ये बंद झाले.

तरी मी बंदीच्या बाजूचा नाही, आणि त्याचं कारण आम्हा सीमेवरच्यांना पुस्तकातून शिकायला नको. कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी बंद केली. महाराष्ट्राची राज्य लॉटरी चालूच राहिली, आणि हद्द अर्ध्या तासावर. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तेव्हा कर्नाटकाची बंदी यायला पुढचं वर्ष लागलं. मधल्या काळात निपाणीकडचा रस्ता काय वाहत होता ते तिकडच्या पोरालाही माहीत आहे. गोव्याच्या दारूची तर कथाच नको, चोर्ला घाट बोलेल. हे सगळं डोळ्यांना दिसणारं, वास येणारं, डिकीत भरावं लागणारं. यूएसडीटीला डिकी लागत नाही. चीननं सप्टेंबर २०२१ मध्ये सगळे क्रिप्टो व्यवहार बेकायदा ठरवले, तसं राज्य आपलं नाही, आणि तसं व्हावं असंही मला वाटत नाही.

बंदी असती तर या प्रकरणात काय बदललं असतं? अकरा लाखांचा जो माग सापडला, तोही गेला असता. मामाकडं २६ एएस नसतं, हे मात्र खरं. पण त्यानं दुसरा कागद काढला असता. त्रेसष्ट माणसांनी विश्वास कागदावर ठेवला नव्हता, मामावर ठेवला होता. कागद फक्त घरी नवऱ्याला दाखवायला.

सभेत मला एका बाईंनी अडवलं. "म्हणजे तुम्ही क्रिप्टोवाल्यांची बाजू घेताय." नाही. उलट एका ठिकाणी मला पूर्ण बंदी हवी आहे : दुसऱ्याचे पैसे घेऊन मी तुमच्यासाठी क्रिप्टो घेतो म्हणणारा माणूस. परवानगीच नको त्याला. ज्याला घ्यायचंय त्यानं आपल्या नावानं, आपल्या पॅनवर, नोंदणीकृत ठिकाणी घ्यावं, बुडालं तर आपलं बुडालं. कमिशनवर माणसं आणणारा दिसला की जुन्याच दोन कायद्यांनी उचलावा, नव्याची वाट बघू नये. आणि नोंदणीकृत ठिकाणी राहणं लोकांना परवडलं पाहिजे. तोटा वजा न होऊ देणारा कर आणि प्रत्येक विक्रीला एक टक्का, यानं भाच्यासारखे लोक सुधारत नाहीत, टेलिग्रामवर जातात. सरकारला व्यवहाराचा माग हवा असेल तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागातही तो मिळतो.

शिवाय एक्सचेंज नोंदणीकृत आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत असंही आज नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, आणि भारतीय ग्राहकांना आपल्या पैशांसाठी सिंगापूरच्या कोर्टाकडं डोळे लावून बसावं लागलं. नोंदणी मनी लाँडरिंगपुरती. ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवा असं ठणकावून सांगणारा, तपासणारा नियामक कुणी नाही. जपाननं २०१४ मध्ये तिथलं माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडाल्यावर धडा घेतला, २०१७ पासून एक्सचेंजना नोंदणी सक्तीची केली, ग्राहकाचं धन कंपनीच्या धनापासून वेगळं ठेवायला लावलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे परदेशी एक्सचेंज कोसळलं तेव्हा जगभरचे ग्राहक अडकले, पण त्याच कंपनीच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना पुढच्या फेब्रुवारीत पैसे काढता येऊ लागले. माझ्या दृष्टीनं या सगळ्या वादात याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. तीच कंपनी, तीच बुडी, आणि एका देशातल्या नियमामुळं निकाल निराळा.

आणखी एक छोटी मागणी, तिच्यासाठी कायदाही लागत नाही. २६ एएसवर १९४ एसची ओळ छापली जाते तिथं खाली प्रादेशिक भाषेत एक वाक्य छापा : कर कापला म्हणजे योजना मान्यताप्राप्त आहे असे नाही. आमच्याकडं ते कन्नडमध्ये आणि मराठीत हवं. मामा मराठीत बोलला होता, ॲपनं मराठीत पैसे मागितले. सावध करणारं मात्र एकही अक्षर काकूंना त्यांच्या भाषेत भेटलं नाही. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल २०१६ पासून आहे, बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची तक्रार तिथं करता येते. देवळातल्या त्या सभेत मी विचारलं, कुणी ऐकलंय? एकानंही हात वर केला नाही. मीही ते नाव या प्रकरणातच पहिल्यांदा उघडून बघितलं, हे कबूल करतो.

आज

मामा जामिनावर आहे. गुन्हा त्यानं केला यात मला शंका नाही, पण तो मजेत होता असं कुणी समजू नये. त्याचे स्वतःचे दोन लाख साठ हजार त्याच ॲपमध्ये गेले. भाच्याचं खातं अर्धं मोकळं झालं, वादातली रक्कम अजून अडकलेली. सासुरवाडीच्या घरावर जप्तीसाठी अर्ज गेलाय, आणि घर महाराष्ट्रात, गुन्हा कर्नाटकात, त्यामुळं कागद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जातोय.

माझ्या ऑफिसात मी एक बदल केला. १९४ एसची ओळ असलेलं २६ एएस कुणी मागितलं की त्यावर तिरका रबरी शिक्का मारून देतो : "फक्त स्वतःच्या माहितीसाठी". कायद्यानं त्याला काही अर्थ नाही. लॅमिनेशन केलं तरी तो दिसतो, इतकंच. प्रिंटरचा ड्रम अजून बदललेला नाही.

काकूंच्या पाटल्यांबद्दल सोसायटीची नोटीस आलीय, मुदत वाढवून हवी असेल तर फसवणुकीचा पुरावा जोडा म्हणून. पुरावा म्हणजे ते पिग्मी कार्ड, आणि ते ठाण्यात मुद्देमालात जमा आहे. त्याची प्रमाणित प्रत मिळावी म्हणून गेल्या सोमवारी मी कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला. काकूंनी तो उलटा-सुलटा करून बघितला, कुठं काय लिहिलंय ते एकेक ओळ माझ्याकडनं मराठीत वाचून घेतली, दोनदा घेतली, आणि मगच खाली सही केली.